शाळेत ब्रेकफास्ट क्लब सुरू करताना: आधी वेळ ठरवा, मग मेनू

शाळा भरण्याआधी मुलांना नाश्ता द्यायचा असं ठरलं की पहिली बैठक एकाच प्रश्नावर संपते: द्यायचं काय? मग देणगीदार शोधले जातात, मोठी पातेली येतात, उद्‌घाटन होतं. दोन महिन्यांनी येणाऱ्या मुलांची संख्या घसरलेली असते, पहिला तास रोज उशिरा सुरू होत असतो आणि ज्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप केला ती तिकडे फिरकतही नसतात. पदार्थ वाईट होते म्हणून असं क्वचितच होतं. कामांचा क्रम चुकलेला असतो.

खालच्या टप्प्यांत पदार्थ पाचव्या क्रमांकावर आहेत, आणि ते मुद्दाम. आधीचे चार टप्पे ओलांडून थेट तिथे जाऊ नका.

## टप्पा १: कोणता फायदा हवा, ते एका वाक्यात लिहा

या क्लबचे फायदे तीन वेगळ्या वाटांनी येतात आणि प्रत्येक वाटेची मांडणी वेगळी असते.

पहिली वाट पोटाची. रात्रीच्या जेवणानंतर मूल दहा-बारा तास उपाशी असतं. मुलांच्या मेंदूला शरीराच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त ग्लुकोज लागतं आणि यकृतातला साठा मात्र लहान असतो. त्यामुळे मोठा माणूस जी भूक सहज मागे सारतो, ती मुलाला चिडचिड, डोकेदुखी, पेंग अशा रूपात गाठते. अशी मुलं ‘भूक लागली’ म्हणतीलच असं नाही. ‘पोट दुखतंय’ म्हणतात, किंवा शेजाऱ्याला चिमटे काढतात.

दुसरी वाट वेळेची. शाळेच्या दारात अर्धा-पाऊण तास आधी काहीतरी मिळणार असेल तर मूल लवकर येतं, उशिराचे शेरे कमी होतात. पालकांना लवकर कामावर निघायचं असतं, त्या घरांना याचा आधार सर्वांत जास्त वाटतो.

तिसरी वाट सर्वांत कमी बोलली जाते. घरातून निघणं आणि वर्गात बसणं यांच्या मध्ये मुलाला थोडा शांत वेळ मिळतो. ओळखीची मोठी माणसं भेटतात, दुसऱ्या वर्गातली मुलं भेटतात. कोण आज गप्प आहे, कोणाचा चेहरा उतरलाय, हे नाश्त्याच्या टेबलावर शिक्षकांना जितकं सहज दिसतं तितकं वर्गात दिसत नाही.

या तिसऱ्या वाटेला कमी लेखू नका. इंग्लंडमध्ये १०६ प्राथमिक शाळांत मोफत आणि सर्वांना खुल्या असलेल्या नाश्ता क्लबची चाचणी झाली. २०१६ साली आलेल्या तिच्या अहवालानुसार सहा-सात वर्षांच्या मुलांची वर्षभरातली अभ्यासातली प्रगती, क्लब नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानाने, सुमारे दोन महिन्यांनी पुढे गेली. त्या शाळांतली बरीच मुलं आधीही घरी काही ना काही खाऊन येत होती. म्हणजे नुसतं ‘खाल्लं’ एवढ्याने फरक पडला असं म्हणता येत नाही. क्लबमध्ये काय खाल्लं आणि क्लबमध्ये येण्याने सकाळ कशी गेली, याचाही वाटा असावा. वर्गातलं वागणं सुधारलं, आणि त्याचा लाभ क्लबला न येणाऱ्या मुलांनाही झाला असावा, असं अभ्यासकांनी नोंदवलं.

आता वाक्य लिहा. ‘मुलांचं कल्याण’ हे वाक्य चालणार नाही. ‘पहिल्या तासाला उशिरा येणारी मुलं निम्म्याने कमी व्हावीत’ किंवा ‘मधल्या सुट्टीआधी डोकं-पोट दुखतं म्हणून कार्यालयात येणारी मुलं कमी व्हावीत’ हे चालेल.

तपासणी: हे वाक्य शिपाईमामा, मुख्याध्यापक आणि एखादे पालक यांना वाचून दाखवा. तिघांना एकच अर्थ कळला तर पुढे चला.

## टप्पा २: आठवडाभर फक्त नोंद करा

या टप्प्यात काहीही सुरू करायचं नाही. पाच शाळेचे दिवस एक वही ठेवा आणि चारच गोष्टी टिपा: घंटेनंतर किती मुलं आली, घंटेआधी अर्धा तास किती मुलं आवारात होती, पहिल्या दोन तासांत किती मुलांनी डबा उघडला किंवा खायला मागितलं, आणि किती जण तब्येतीची तक्रार घेऊन आले. नावं लिहायची गरज नाही, इयत्ता पुरे.

यातली दुसरी नोंद लोक विसरतात, आणि तीच सर्वांत उपयोगाची आहे. आवारात आधीच चाळीस मुलं दप्तर घेऊन बसलेली असतील तर तुमचा क्लब अर्धा तयार आहे. कोणीच नसेल, सगळी मुलं एकाच बसने घंटेच्या पाच मिनिटं आधी उतरत असतील, तर घंटेआधीचा क्लब त्या शाळेत चालणारच नाही. तिथे घंटेनंतर वर्गातच नाश्ता द्यावा लागेल. अमेरिकेतल्या अनेक शाळांनी हा मार्ग धरला आणि नाश्ता घेणाऱ्या मुलांचं प्रमाण बरंच वाढलं. मात्र त्यासाठी पहिल्या तासाची दहा-पंधरा मिनिटं वेळापत्रकात अधिकृतपणे सोडावी लागतात; ती शिक्षकांच्या मर्जीवर टाकली की आठवड्याभरात कुरबुर सुरू होते.

सावधान: वर्गात ‘आज कोण कोण न खाता आलंय, हात वर करा’ असं कधीही विचारू नका. खरं उत्तर मिळत नाही. ज्यांचा हात खरोखर वर जायला हवा ती मुलं आधी इकडेतिकडे बघतात आणि हात खाली ठेवतात. विचारायचंच असेल तर निनावी चिठ्ठीवर, ‘आज सकाळी शाळेत येण्याआधी काय काय केलंस?’ असा प्रश्न देऊन यादीत खाण्याचा पर्याय इतरांबरोबर ठेवा.

आणखी एक गैरसमज इथेच मोडतो. न खाता येणारं प्रत्येक मूल गरीब घरातलं नसतं. काहींना उठल्याउठल्या घास जात नाही, मळमळतं. काही रात्री उशिरा झोपतात. काहींना घरातून फार लवकर निघावं लागतं. यांना तासाभराने शाळेत कडकडून भूक लागते. तुमच्या नोंदीत ही मुलंही दिसतील, आणि पुढच्या टप्प्यातला निर्णय त्यांच्यामुळे सोपा होतो.

## टप्पा ३: दार कोणासाठी उघडं, हे ठरवा

माझं मत स्पष्ट आहे: दार सर्वांसाठी उघडं ठेवा. परवडत नसेल तर आठवड्यातून तीनच दिवस ठेवा, एकाच इयत्तेपुरतं ठेवा, साधा नाश्ता द्या. पण त्या इयत्तेतलं कोणीही येऊ शकेल असं ठेवा.

कारण व्यवहाराचं आहे. ‘गरजू मुलांची यादी’ केली की क्लब त्याच दिवशी ‘गरजूंचा’ होतो. मुलांना हे कळायला एक सकाळ पुरते. सातवी-आठवीची मुलं तर उपाशी बसतील पण त्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत. मग आयोजक म्हणतात, ‘आम्ही देतोय पण यांनाच नकोय.’ उलट ज्या टेबलावर वर्गातली हुशार, खोडकर, खेळाडू अशी सगळी मुलं बसतात, तिथे कोण का आलंय याचा हिशेब कोणी करत नाही.

काही घरांकडून वर्गणी घ्यायची असेल तरी हरकत नाही, पण ती मुलाच्या हातून आणि वाढपाच्या टेबलावर घेऊ नका. महिन्याची रक्कम पालकांकडून कार्यालयात जमा व्हावी आणि कोणी भरली, कोणी नाही, हे वाढणाऱ्याला माहीतच नसावं. वेगळ्या रंगाचं कूपन, वेगळी रांग, वेगळं ताट, हजेरीच्या यादीतली खूण, या सगळ्यांतून तेच कळतं जे लपवायचं होतं.

याच टप्प्यावर तीन नियम लिहून भिंतीवर लावा:

- नाश्ता शिक्षा म्हणून काढून घेतला जाणार नाही. गृहपाठ नाही, गणवेश नाही, काल भांडण केलं: कोणतंही कारण चालणार नाही.
- नाश्ता बक्षीस म्हणून दिला जाणार नाही.
- खाताना मुलांचे फोटो काढले जाणार नाहीत. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर भांड्यांचा, टेबलांचा, मांडणीचा द्या.

तिसऱ्या नियमावर वाद होईल. होऊ द्या, पण नियम हलवू नका.

## टप्पा ४: घंटेपासून उलटं मोजा

क्लब बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण इथे आहे. ‘घंटेआधी अर्धा तास नाश्ता’ असं म्हणणं सोपं असतं. त्या अर्ध्या तासात काय काय मावतं हे कोणी कागदावर मांडत नाही.

साठ मुलं धरू. शेवटच्या मुलाच्या मागे उलटं चालत जा.

वर्गात पोचून दप्तर ठेवायला ५ मिनिटं. ताट ठेवणं, तोंड-हात धुणं ५ मिनिटं. खाणं: लहान मुलांना सावकाश १५ ते २० मिनिटं लागतात, आणि ‘चला, आटपा’ म्हणत भरवलेला नाश्ता निम्मा ताटात राहतो. रांगेत उभं राहून हात धुणं आणि वाढून घेणं, नीट सोय असेल तर ५ ते १० मिनिटं. बेरीज तीस ते चाळीस मिनिटांवर जाते. म्हणजे दार घंटेच्या पन्नास मिनिटं आधी उघडायला हवं आणि बसून खाणाऱ्या शेवटच्या मुलाने घंटेच्या निदान पस्तीस मिनिटं आधी आत यायला हवं.

आता नळ मोजा. साबणाने हात नीट चोळायला किमान २० सेकंद, ओले करणं-धुणं धरून नळापाशी एका मुलाची ३० सेकंद. एक नळ असेल तर मिनिटाला दोन मुलं, साठ मुलांना अर्धा तास! तिथेच क्लब संपला. चार नळ असतील तर साडेसात मिनिटं. नळ वाढवता येत नसतील तर काम दोन भागांत तोडा: नळापाशी हात ओले करून साबण घ्यायचा, बाजूला उभं राहून चोळायचे, आणि परत फक्त धुवायला नळाशी यायचं. तोटी लावलेली पिंपंही चालतात. जंतुनाशक द्रव (सॅनिटायझर) हातावर शिंपडून भागवू नका. मळकट हातांवर तो पुरेसा काम करत नाही आणि आवारात खेळून आलेल्या मुलांचे हात मळकटच असतात.

वाढपही असंच मोजायचं. एका ताटाला १५ सेकंद धरली तर एका टेबलावरून साठ ताटांना पंधरा मिनिटं लागतात, दोन टेबलं लावली तर साडेसात. म्हणून दुसरं टेबल हवंच. पाणी वाढपाच्या रांगेत ठेवू नका. ते बसायच्या जागी आधीच भरून ठेवा.

उशिरा येणाऱ्यांचं काय? ज्यांना नाश्त्याची सर्वांत जास्त गरज आहे ती मुलं बहुधा उशिराच येतात, आणि त्यांच्या तोंडावर दार बंद केलं तर टप्पा १ मधलं वाक्य पुसून टाकलेलं बरं. बसून खाण्याची वेळ संपली की हातात देता येईल असा नाश्ता ठेवा: एक फळ, उकडलेलं अंडं, गुंडाळून देता येणारा धान्याचा पदार्थ. मूल तो वर्गात पहिल्या दहा मिनिटांत खाईल. वर्गशिक्षकांशी हे आधीच बोलून ठेवा, मुलाच्या हातून निरोप पाठवून नव्हे.

तपासणी: दार उघडणं, बसून खाण्याची शेवटची वेळ, हातात देण्याची शेवटची वेळ आणि खोली रिकामी होण्याची वेळ, या चार वेळा एका कागदावर आल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: आता ताट

पहिल्या महिन्यात चूल शक्यतो पेटवूच नका. धुऊन-कापून देता येणारं आणि आदल्या दिवशी तयारी करता येणारं निवडा. शिजवलेला नाश्ता नंतर आणता येतो. सुरुवातीला वेळ आणि माणसं जुळवण्यातच सगळी शक्ती जाते.

ताटाचा साचा साधा आहे: एक धान्याचा पदार्थ, शक्यतो कोंड्यासकट, एक प्रथिनांचा, म्हणजे अंडं, दूध, दही, कडधान्य यांपैकी काही, एक फळ किंवा भाजी, आणि पाणी. नुसतं गोड धान्य दिलं तर रक्तातली साखर लवकर चढते आणि लवकर उतरते, आणि मूल मधल्या सुट्टीआधी पुन्हा भुकेलं होतं. प्रथिनं आणि तंतू असले की पोट जास्त वेळ धरून राहतं.

किती द्यायचं? अमेरिकेतल्या शालेय नाश्ता कार्यक्रमाची मर्यादा अंदाज घ्यायला चांगली आहे: आठवड्याच्या सरासरीने पाचवीपर्यंत ३५० ते ५०० कॅलरी, सहावी ते आठवीला ४०० ते ५५०, त्यापुढे ४५० ते ६००. पण प्रत्येक ताट तोलायला बसू नका. पहिल्यांदा थोडं वाढा आणि दुसऱ्यांदा मागायला मोकळीक द्या. ताटात टाकून दिलेलं अन्न कमी होतं ते याच सवयीने.

साखरेच्या बाबतीत मात्र मोजायला हवं. वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, तेही अख्ख्या दिवसाचे. ‘आम्ही पौष्टिक म्हणून रस देतो’ असं सांगणाऱ्यांनी इथे थांबावं: संघटनेच्या व्याख्येत फळांच्या रसातली साखर मोजली जाते, अख्ख्या फळातली नाही. फळ द्या, रस नको.

पाकीटबंद धान्य घेत असाल तर पुढच्या बाजूचं चित्र सोडून मागचा तक्ता वाचा. दर १०० ग्रॅममागे साखर ५ ग्रॅमपर्यंत असेल तर कमी, २२.५ ग्रॅमच्या वर असेल तर जास्त, ही ब्रिटनमधल्या लेबलांची रेषा लक्षात ठेवायला सोपी आहे.

चहा-कॉफी नको. त्यातल्या घटकांमुळे धान्य-कडधान्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. उलट आंबट फळ बरोबर असेल तर जास्त शोषलं जातं. आणि दूध हा एकमेव प्रथिनांचा पर्याय ठेवू नका. अनेक मुलांना दुधातली साखर पचत नाही, आणि पहिल्या तासाला पोटात गुडगुडू लागलं की मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. कारणही सांगत नाही.

सावधान: पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा सुकामेवा देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षासारखी गोल फळं उभी चिरून चार फोडी करा. चालत-खेळत खाणं बंद.

मेनू पाच दिवसांचा ठेवा आणि तोच फिरवत राहा. रोज नवं काहीतरी देण्याचा उत्साह मोठ्यांना असतो, मुलांना नसतो. उलट गुरुवारी काय आहे हे माहीत असलेलं मूल गुरुवारी वेळेवर येतं.

## टप्पा ६: ॲलर्जीचा कागद, पहिल्या घासाच्या आधी

हा टप्पा लहान आहे पण इथे तडजोड नाही. पालकांकडून लेखी उत्तर आल्याशिवाय मुलाला काहीही वाढायचं नाही. प्रश्न तीन: कशाची ॲलर्जी आहे, आधी काय त्रास झाला होता, आणि त्रास झाला तर काय करायचं, औषध कुठे आहे. ‘काही नाही’ हेही लिहून आणि सही करून यावं. कोरा कागद म्हणजे उत्तर नव्हे.

त्यावरून एक पानाची यादी करा आणि ती वाढणाऱ्याच्या नजरेसमोर, पण मुलांना वाचता येणार नाही अशा बाजूने लावा. बदली स्वयंसेवक आला की आधी त्याला यादी दाखवायची, मग डाव हातात द्यायचा.

नेहमीची चूक पदार्थात नसते, चमच्यात असते. शेंगदाणे असलेल्या भांड्यातला डाव दुसऱ्या भांड्यात जातो आणि बिनशेंगदाण्याचा पदार्थ तसा राहत नाही. प्रत्येक भांड्याला त्याचा डाव, आणि ॲलर्जी असलेल्या मुलाचं ताट सर्वांत आधी, वेगळ्या भांड्यातून. ‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय’ म्हणणाऱ्या माणसाला, तो कितीही प्रेमळ असला तरी, वाढपावर ठेवू नका.

ओठ-चेहरा सुजणं, श्वासाला घरघर, एकाएकी गळून जाणं, यांपैकी काही दिसलं तर पालकांना फोन नंतर. आधी मुलासाठी लिहून दिलेलं औषध आणि रुग्णवाहिका. मूल तेव्हा एकटं राहता कामा नये आणि त्याला उठवून चालवायचंही नाही.

## टप्पा ७: स्वयंपाकघरात घड्याळ आणि तापमापक

शिजवायला सुरुवात कराल तेव्हा दोन वस्तू आधी आणा: भिंतीवरचं घड्याळ आणि अन्नात खुपसायचा तापमापक. तापमापक हातात आला की ‘वाफ येतेय म्हणजे गरम आहे’ हा वाद मिटतो.

५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. अन्न आतपर्यंत ७० अंशांना पोचू द्या. वाढेपर्यंत ६०च्या वर ठेवा. थंड द्यायचं ते ५च्या खाली. शिजलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. नाश्त्याला हा नियम सोपा वाटतो, पण पहाटे पाचला घरी करून आणलेलं अन्न आठला वाढलं की तीन तास झालेले असतात.

उरलेला भात किंवा शिजवलेलं धान्य दुसऱ्या दिवशी गरम करून देऊ नका. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, बाहेर राहिलेल्या अन्नात त्यांचं विष तयार होतं, आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलं तर टाका आणि किती टाकलं ते लिहा. तो आकडा पुढच्या आठवड्याची खरेदी ठरवतो.

ज्याला जुलाब किंवा उलट्या होत आहेत त्याने स्वयंपाकघरात यायचं नाही, आणि त्रास थांबल्यावरही ४८ तास नाही. हे माणसं संकोचाने लपवतात, म्हणून बदली माणूस आधीच ठरलेला हवा. ‘मी नाही आले तर कोण करणार’ या काळजीपोटीच आजारी माणूस कामावर येतो.

तपासणी: वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने चव घेतली का? वेळ आणि तापमान वहीत लिहिलं का? दोन्ही होईपर्यंत पहिलं ताट नाही.

## टप्पा ८: माणसं आणि किल्ली

मुलं आत आहेत तोवर किमान दोन मोठी माणसं खोलीत हवीत, वाढपाची सोडून. एकाला मुलाबरोबर बाहेर जावं लागलं तर दुसरा असतो, आणि कोणी मोठा माणूस मुलांसोबत एकटा राहत नाही. स्वयंसेवकांची ओळख आणि पार्श्वभूमी शाळेच्या नियमांप्रमाणे तपासूनच त्यांना आत घ्या, ते कितीही ओळखीचे असोत.

पाळीपत्रक करताना नाव आणि बदली नाव अशा दोन रकाने ठेवा. आणि किल्ली दोघांकडे द्या. सर्वांत फालतू वाटणारी ही गोष्ट क्लब बंद पाडते: किल्ली एकाकडे, त्याला ताप, बाहेर पन्नास मुलं, आत नाश्त्याचं सामान. असं दोनदा झालं की पालकांचा भरवसा जातो, आणि एकदा ते मुलाला घरून खाऊ घालून उशिरा पाठवायला लागले की परत वळत नाहीत.

शिक्षकांना रोज जुंपू नका. आठवड्यातून एक दिवस, तोही सांगून-विचारून. आल्यावर त्यांनी वाढपाशी उभं न राहता मुलांबरोबर बसावं; टप्पा १ मधली तिसरी वाट तिथेच सुरू होते. खाऊन झालेल्या मुलांसाठी कोपऱ्यात चित्रांची पुस्तकं, पत्ते, बैठे खेळ ठेवा. राहिलेला गृहपाठ करून घ्यायचा मोह टाळा. जादा तासाला मुलं येत नाहीत.

पैशाबद्दल थोडक्यात: एका ताटाचा खर्च काढताना साहित्यात इंधन, साबण, मोडतोड आणि फुकट गेलेलं अन्न धरा, आणि महिन्याभराचा खर्च हातात असल्याशिवाय दार उघडू नका. मधेच बंद पडलेला क्लब न सुरू केलेल्यापेक्षा वाईट, कारण काही मुलांनी तोवर घरी खाणं सोडलेलं असतं.

## टप्पा ९: तालीम, मग एकच इयत्ता

एक दिवस मुलांशिवाय तालीम करा. दहा-बारा मोठी माणसं मुलांच्या जागी दारातून येऊ द्या, हात धुऊ द्या, रांगेत उभी राहू द्या. ताट कुठे ठेवायचं यावरून कोंडी कुठे होते ते तेव्हाच दिसतं. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच असेल तर तिथेच बदला.

मग दोन आठवडे एकाच इयत्तेला. कोणती? नोंदवहीत उशिराचे शेरे सर्वांत जास्त होते ती. पहिल्या दिवशी गर्दी होईल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरेल. ओसरलेली संख्या पाहून घाबरू नका आणि पहिल्या दिवसाच्या संख्येवर खरेदी करू नका. दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवार ते गुरुवार या तीन दिवसांची सरासरी धरा.

या काळात कोणी उद्‌घाटनाला पाहुणे बोलावू म्हणालं तर त्यांना तीन महिन्यांनंतरची तारीख द्या.

## टप्पा १०: तेच चार आकडे पुन्हा

दोन महिन्यांनी टप्पा २ मधली वही काढा आणि तेच चार आकडे, त्याच वारांना, पुन्हा आठवडाभर टिपा. परीक्षेच्या किंवा सणाच्या आठवड्याशी तुलना नको. उशीर कमी झाला का? तक्रारी कमी झाल्या का? संख्या भरपूर पण उशीर तेवढाच असेल तर लवकर येणारीच मुलं क्लबला येत आहेत. तेव्हा मेनू बदलून उपयोग नाही. हातात देण्याच्या नाश्त्याची वेळ वाढवा, आणि जी मुलं उशिरा येतात त्यांच्या घरी एकदा बोला.

गुणांची तुलना इतक्यात करू नका. मुलांची वजनं सर्वांसमोर घेऊ नका. घ्यायचीच असतील तर शाळेच्या नेहमीच्या आरोग्य तपासणीत, एकेकट्याने.

मुलांनाही विचारा, पण ‘आवडलं का?’ असं नको. ‘तुझा मित्र इथे येत नसेल तर का येत नसेल?’ असं विचारा. आवाज फार असतो, मोठी मुलं जागा धरून ठेवतात, बाकं ओली असतात, अमुक काकू रागावतात: क्लब दुरुस्त करायला लागणारी बहुतेक माहिती या उत्तरांत असते. सुट्टी लागण्याआधी ही उत्तरं, चार वेळांचा कागद, ॲलर्जीची यादी आणि पाळीपत्रक एकाच फाइलमध्ये लावून कार्यालयात ठेवा. शाळा पुन्हा उघडेल तेव्हा ॲलर्जीचे कागद मात्र नव्याने भरून घ्यायचे, जुन्यांवर भागवायचं नाही.